पाटीपाशी दिलेलं उत्तर

मालू चंदू तरे. स्त्री, प्रौढ. रोजगाराची स्थिती : स्वयंरोजगारित. व्यवसाय : मासळीची किरकोळ विक्री. व्यवसायाची सद्यःस्थिती : समाधानकारक. महामारीकाळात व्यवसायात पडलेला खंड : नाही. महामारीमुळे कुटुंबात झालेले मृत्यू : निरंक. श्रेणी : अबाधित व सक्षम.

महामारीने शहरातल्या छोट्या विक्रेत्यांचं काय केलं हे शोधून काढण्यासाठी जी पाहणी झाली, तिच्यात मालूबद्दल एवढं लिहिलेलं आहे. इतकी सुखी बाई आपल्या डोंबिवलीत, तीही पश्चिमेला राहते हे वाचून कोणालाही तिला भेटावंसं वाटेल. ती खाडीकडच्या कोळीवाड्यात राहते. जुन्या मासळी बाजारात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला पहिला ओटा तिचा. निदान तेव्हा होता.

तो ओटा तिच्या सासूचा, आवडाबाईचा. आवडाबाईने सुनेला ओटा दिला तो एका अटीवर : मासळीच्या पाटीपाशी, म्हणजे टोपलीपाशी, बसून वाईट बोलायचं नाही. "पाटी भरलेली असो का रिकामी, तिच्या पुढ्यात 'धंदा नाय' बोलाचा नाय. पाटी आयकते." कोळणींच्या त्या बाजारात हा नियम सगळ्याच पाळत. कोणी विचारलं, काय मावशी, धंदा कसा? तर उत्तर ठरलेलं : बरा हाय, आईची किरपा. गिऱ्हाइकांनाही हे ठाऊक होतं, त्यामुळे उत्तरावर कोणी विसंबून राहत नसे. लोक पाटीत डोकावून बघत आणि काय ते समजत. खरी हकीकत ऐकायची असेल तर संध्याकाळी घरी जायचं. पाटी धुऊन घरी पालथी घातली की बाईची जीभ मोकळी. मग ती धंद्याचे, नवऱ्याचे, गुडघ्यांचे आणि घाऊक व्यापाऱ्याचे वाभाडे काढायला मोकळी. सकाळी सगळं बरं आणि संध्याकाळी सगळं खरं, अशी ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालली होती. तिच्यात आकडेवारी गोळा करणारा कोणी येईल याचा विचार मात्र तिच्या रचनाकारांनी केलेला नव्हता.

महामारी आली तेव्हा बाजाराला टाळं लागलं. चंदूची होडी खाडीत जायची, पण खाडीत पूर्वीपासूनच मासळीपेक्षा रसायनं जास्त होती, आणि घाऊक मासळी आणायला गाडी मिळेना. मालूने आधी घरातली सुकट विकली, मग सुके बोंबील, मग विकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा शेजारणीची करंदी सोलून दिली. दुसऱ्या लाटेत, चैत्रात, चंदूला ताप भरला. चाचणीच्या रांगेत उभं राहण्याची ताकद त्याच्यात नव्हती आणि रुग्णालयात खाट कुठेच नव्हती. तो घरीच, पोटमाळ्यावर झोपला. तिथे वर जाऊन त्याला पाणी देणारं माणूस एकच होतं : दक्षता, मालूच्या भावाची, जगनची मुलगी. मालू स्वतः तापाने खाली पडलेली. पोरगी तोंडाला ओढणी बांधून शिडी चढायची, काकांना बसतं करायची, पेज भरवायची. चंदूचा श्वास थांबला तेव्हाही वर तीच होती. शिडीवरून उतरून तिने नुसती मान हलवली होती.

कागदावर मृत्यूचं कारण आलं : हृदयक्रिया बंद पडल्याने. ज्यात हृदयक्रिया चालू राहते असा मृत्यू शास्त्राला अजून आढळलेला नाही, त्यामुळे या कारणात चूक काढायला जागा नव्हती.

मालू पुन्हा उभी राहिली तेव्हा बाजार अर्धवट उघडला होता. ती ओट्यावर जाऊन बसू लागली. कधी पाटीत चार वाकट्या, कधी मूठभर कोलंबी. कधी नुसती ओली पाटी आणि वर केळीचं पान, म्हणजे लोकांना वाटावं की आत काहीतरी आहे. तेवढ्यात दक्षताला नोकरी लागली. जगन रिक्षा विकून घरी बसला होता, तेव्हा ही नोकरी म्हणजे त्या घराचा कणाच. पाहणी करणारी कुठलीशी संस्था होती, तिचं नाव होतं 'लोकमापन'. दक्षताच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात टॅब. पहिल्या दिवशी ती गळ्यातली पट्टी दाखवायला आत्याकडेच आली होती.

"बग आत्या, फोटो कसा आलाय?"

"चोरासारका," मालू म्हणाली. "पन पट्टी ब्येस हाय."

आणि मग एके दिवशी दक्षता बाजारातच पाहणीला आली. तिच्या मागे वरिष्ठ विनीत, पांढऱ्या बुटांनी पाण्याची डबकी चुकवत चाललेला. नियम असा होता की विक्रेत्याची पाहणी विक्रीच्या जागीच करायची, फोटोसकट. म्हणजे माहितीला खरेपणा येतो.

"धंदा कसा आहे?" दक्षताने पुस्तकी मराठीत विचारलं. मालूला हसू आलं. पोरगी सायबासमोर कशी बोलते बघा.

"बरा हाय. आईची किरपा."

"लॉकडाउनमध्ये किती काळ बंद होता?"

मालूने पाटीकडे पाहिलं, मग पोरीकडे. "चाललाय बाय. पाटी कदी थांबते काय."

"महामारीत घरातलं कोणी गेलं का?"

आता मात्र मालू केळीच्या पानावर पाणी शिंपडू लागली. नवऱ्याचं मरण पाटीच्या पुढ्यात काढायचं तिच्याच्याने होईना, आणि काढायची गरजही वाटेना. जी शिडीवरून उतरली होती तीच तर विचारत होती. पोरीला सगळं ठाऊक आहे, सायबापुढे रीत म्हणून विचारतेय, लिहायचं ते बरोबर लिहील, असं मालूच्या मनात आलं. तिने पान सारखं केलं. दक्षताचं बोट टॅबवर क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. मग तिने फोटो काढला. मालू फोटोत हसलेली आहे.

त्याच संध्याकाळी दक्षता आत्याकडे जेवायला होती. पाटी धुऊन पालथी घातलेली. मालूने भाकऱ्या थापता थापता सगळं काढलं : सकाळची मासळी पडून राहिली, कापडाच्या दुकानासारखी नुसती मांडून ठेवायची वेळ आलीय, जुनी गिऱ्हाइकं फोनवरून मागवतात, आणि चंदूच्या शर्टाला अजून हात लावता येत नाही. दक्षताने सगळं ऐकलं. डोळे पुसले. दुसरी भाकरी घेतली. टॅब त्या वेळी संस्थेच्या कपाटात जमा झालेला होता.

पाहणीचा अहवाल यथावकाश प्रसिद्ध झाला. शहरातील मासळी विक्रेत्यांपैकी मोठ्या संख्येने महामारीचा धक्का पचवला असल्याचं त्यात समाधानपूर्वक नमूद होतं. लवचिकता हा शब्द बऱ्याचदा आला होता. अहवाल कोळीवाड्यात कोणी वाचला नाही, आणि वाचला असता तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पण पुढे जुना बाजार पाडून त्या जागी इमारत उभी राहिली, आणि ओटे कोणाला कुठे द्यायचे हे ठरवताना कोणीतरी हाच अहवाल उघडला. तळमजल्यावर ओटे थोडे. ते महामारीबाधितांना. बाकीच्या सक्षम, तेव्हा त्यांनी पहिल्या मजल्यावर बसावं.

न्यायाची कल्पना म्हणून हे वाईट नव्हतं. फक्त मासळी घ्यायला जिना चढणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं.

इमारतीच्या दारावर नावं लागली तेव्हा वाचून दाखवायला हेमा होती. हेमा म्हणजे मालूच्या शेजारच्या ओट्यावरची.

"मी खाली, तू वर," हेमा म्हणाली आणि लगेच ओशाळली.

"तू खाली कशी गो? तुजी पाटी तर माज्यापरीस भरलेली असायची."

"त्या दिवशी माजी दाढ दुकत व्हती ना. मी बाजारात आलेलेच नव्हते. मंग जागेवर गावली नाय म्हून ती पोरं घरी आली. घरी ईचारलं, घरी सांगितलं. दाढ दुकतेय, धंदा बसलाय, जाव पलून गेलीय, सगलं सांगितलं."

तर अशा रीतीने हेमाच्या दाढेमुळे एक विक्रेती बाधित ठरली. पाटीशी बसून उत्तर दिलेल्या बाकी साऱ्या जणी लवचिक निघाल्या. पण त्यांच्या नोंदी विनीतने आणि इतर मुलांनी घेतल्या होत्या, परक्यांनी. परक्याने चूक करावी यात विशेष काही नाही. मालूची नोंद दक्षताची होती.

मालू तशीच जगनच्या घरी गेली. दक्षता कामावरून येऊन चहा पीत होती.

"तुना ठाव नव्हता, पाटीपाशी बाई काय बोलते ता?"

"ठाऊक होतं, आत्या."

"तुजा काका कशानी गेला ता ठाव नव्हता?"

दक्षताने कप खाली ठेवला. "मृत्यूच्या कागदावर महामारी हा शब्द पाहिजे, आत्या. कागदावर नव्हता. आणि धंद्याचं, समोरचा जे बोलेल तेच लिहायचं असतं. आम्हाला जे माहीत असतं ते लिहायची परवानगी नसते."

"मंग माहीत असनाऱ्याला कनाला धाडतात? धोंडा ठेवाचा व्हता टॅबच्या बाजूला."

"संध्याकाळी तू सांगितलंस तेव्हा..."

"तवा तू जेवत व्हतीस."

जगन मध्ये पडला. "जाऊ दे ना गो मालू. पोरीची नोकरी नवी हाय. हरकत घेता येते बोलतात. घे ना तू."

मालूने हरकत घेतली. सुनावणी ठाण्यात होती, खोपटला, एस.टी. डेपोच्या मागच्या बाजूला एका इमारतीत. रिकाम्या हाताने कोणाच्या दारी जायचं नाही, म्हणून तिने पाटीत दोन बोय आणि पानाखाली थोडी कोलंबी घेतली. वाहनतळावरच्या माणसापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं की वर कोळीण चालली आहे.

सुनावणी घेणारे गृहस्थ म्हणजे हरिहर परचुरे. आकडेशास्त्रातून निवृत्त झालेले, आता सल्लागार. पाहणीचे प्रश्न त्यांनीच तयार केलेले होते. माणूस सज्जन. त्यांनी मालूला खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि पाटीकडे बघून म्हणाले, "हे कशाला आणलंत? आम्ही घरी खात नाही हो."

"म्हंजे भायेर खाता?"

विनीत हसला. परचुऱ्यांनी घसा साफ केला. कोपऱ्यात दक्षता भिंतीला टेकून उभी होती, गळ्यात पट्टी.

"हं. तर बाई, महामारीत तुमचा धंदा होता की नव्हता, तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मालूने तोंड उघडलं आणि मिटलं. पाटी तिच्या पायाशी होती. परचुरे वाट बघत होते. विनीतने घड्याळ पाहिलं. मालू उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि खोलीबाहेर गेली.

"गेल्या की काय?" परचुऱ्यांनी विचारलं.

"पाटी बाहेर ठेवायला गेल्या असतील, सर," दक्षता म्हणाली. एवढं मात्र तिला माहीत होतं, आणि सांगायची परवानगीही लागली नाही.

बाहेर मालूने मासळी रखवालदाराच्या पिशवीत ओतली, तो नको नको म्हणत असताना. प्रसाधनगृहाच्या बेसिनमध्ये पाटी धुतली. तिथे हात धुवायला आलेल्या दोन लिपिक बायका ओरडून बाहेर आल्या. मग तिने व्हरांड्याच्या टोकाला, अग्निशामक नळकांड्याखाली पाटी पालथी घातली, पदराला हात पुसले आणि परत येऊन खुर्चीवर बसली.

"धंदा नव्हता," ती म्हणाली. "बाजार बंद व्हता तवा नव्हता, उगडला तवाबी नव्हता. मी शेजारनीची करंदी सोलली. घोव माजा त्याच तापानं गेला. माल्यावर गेला. खोकत गेला."

हे तिने दिवसाउजेडी, अनोळखी माणसांसमोर, पहिल्यांदाच म्हटलं होतं. परचुऱ्यांनी चष्मा काढून पुसला. आपल्या प्रश्नावलीला असं उत्तर येऊ शकतं याची त्यांना कल्पना असावी, पण त्यासाठी त्यांनी रकाना ठेवला नव्हता.

"मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण पाहणी बंद झाली आहे. आता आठवून दिलेलं उत्तर धरता येत नाही. सगळेच आठवायला लागतील." त्यांनी कागद उलटला. "एकच वाट आहे. पाहणी करणाऱ्याने नात्यातल्या माणसाची नोंद घ्यायची नाही, असा नियम आहे. तशी ती घेतलेली असेल तर नोंद आपोआप रद्द होते, आणि पाहणी पुन्हा करावी लागते. घरी जाऊनसुद्धा करता येईल. तुमच्या कोळीवाड्यातल्या ज्याने हरकतीचा अर्ज लिहून दिला, त्याने त्यात तसं सुचवलंय." ते दक्षताकडे वळले. "अर्थात मग पाहणी करणाऱ्यावर कारवाई होते. नात्यातलं कोणी नाही असं खोटं प्रतिज्ञापत्र दिलं म्हणून. काय गं, या तुझ्या कोण?"

विनीत जमिनीकडे बघू लागला.

मालूचा जीव हलका झाला. संपलं, असं तिला वाटलं. पोरगी आता आत्या म्हणेल, आणि आपला ओटा खाली येईल. नोकरीचं मागाहून बघू. जगनची पोरगी आहे, हुशार आहे, दुसरी मिळेल. पोटमाळ्यावरून उतरलेली पोर आहे ती, आपल्या घरात वाढलेली. एक शब्द तर म्हणायचाय.

"कोणी नाही, सर," दक्षता म्हणाली.

"लांबचं नातं वगैरे?"

"नाही, सर. आमच्या बाजूच्या आहेत. गावातल्या सगळ्यांना ओळखतो तसं ओळखते. मावशी म्हणतो आम्ही सगळे."

मालूला आत्या म्हणायला शिकवलं होतं तेव्हा ही पोर रांगत होती. आता तिने मावशी म्हटलं, तेही अनेकवचनात.

परचुरे मालूकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना उत्तर काय हवं आहे. "बाई, तुम्ही सांगा. ही तुमची कोण?"

आता तो शब्द मालूच्या तोंडात होता. भाची. म्हटलं की आवडाबाईचा ओटा परत, दारातला. म्हटलं की जगनच्या घरातली एकुलती एक नोकरी गेली. दक्षताने मान वर केली. तिचे डोळे भरलेले होते, आणि त्या भरलेल्या डोळ्यांत आत्याने काय म्हणावं याची विनंतीही होती. म्हणजे आपलं काय चाललंय हे तिला पुरतं ठाऊक होतं. मालूला तेच लागलं. भीतीने जीभ अडखळली असती तर चाललं असतं. पोरगी हिशोब करून बोलली होती, आणि आता आत्यानेही तोच हिशोब करावा म्हणून बघत होती.

"मी हिला वलकत नाय," मालू म्हणाली.

याला कोणी माफी समजू नये. दक्षतानेही समजली नाही. मालू उठली, व्हरांड्यात जाऊन पाटी उचलली आणि जिन्याने खाली उतरली. मागून पावलं आली तेव्हा तिने वळून पाहिलं नाही.

हरकत निकालात काढण्यात आली. मालू काही दिवस पहिल्या मजल्यावर बसली. तिच्या बाजूला बाकीच्या सक्षम बायका बसल्या. पंखे चांगले होते, लाद्या पांढऱ्या होत्या, आणि सकाळभर त्या एकमेकींना मासळी दाखवत. मग एकेक जण उठून पुन्हा डोक्यावर पाटी घेऊन सोसायट्यांच्या दारात फिरू लागली. पुढच्या अहवालात त्यांची नोंद घरपोच सेवा देणाऱ्या नव-उद्योजिका अशी आहे. मालूचे गुडघे दोन माळे चढतात, तिसरा नाही; तेव्हा ती खालच्या दोन मजल्यांची उद्योजिका आहे. हेमा खाली मालूच्याच जुन्या जागी, दारातल्या ओट्यावर बसते. ती बोलवते, मालू जात नाही.

दक्षता नोकरीत कायम झाली. तिचं लग्न आंबिवलीच्या मुलाशी ठरलं तेव्हा पत्रिका द्यायला जगन स्वतः आला. तरे काय, जगनची मंडळी काय, त्या सगळ्या घरांत हळदीचं पहिलं बोट लावायचा मान आत्याचा असतो. आत्या येईस्तोवर नवरी पाटावर बसत नाही. जगन बराच वेळ बसला. पोरगी रडते म्हणाला, तू सांगशील तसं ती पाया पडेल म्हणाला. मालूने त्याला चहा दिला, पत्रिका देवापाशी ठेवली.

लोकमापन संस्थेच्या नव्या अहवालात एक प्रकरण जास्तीचं आहे. पाहणी केलेल्या कुटुंबांच्या आप्तसंबंधांवर महामारीचा कोणताही दीर्घकालीन विपरीत परिणाम आढळून आलेला नाही, असं त्यात म्हटलं आहे. या प्रकरणासाठी माहिती गोळा करणाऱ्यांच्या नावांत दक्षताचं नाव आहे.

हळदीला आत्या आली नाही.